राष्ट्रपतीपदाची पात्रता : घटनेने काय मागितले आणि काय मागितले नाही

“एवढा शिकून काय राष्ट्रपती होणार आहेस?” हा प्रश्न आपल्या बाजूच्या गावांतून फार ऐकू येतो. भातकापणीच्या दिवसांत शाळा बुडवायला तयार नसलेल्या मुलाला तो विचारला जातो. सातवीनंतर पुढे शिकायचे म्हणणाऱ्या मुलीला तर तो जास्तच विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. शिक्षण आणि ते पद या दोन्ही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या नाहीत, एवढेच त्याला सुचवायचे असते. पण वाचकहो, हा प्रश्न क्षणभर थट्टा न मानता खरोखरीचा मानला तर त्याचे उत्तर काय येते? राष्ट्रपती व्हायला या देशात काय लागते? भारताच्या राज्यघटनेत याचे लेखी उत्तर आहे, ते अवघ्या काही ओळींचे आहे, आणि त्यामागचा इतिहास तुम्हा पालकांना व विद्यार्थ्यांना ठाऊक असावा असा आहे.

घटनेचे ५८ वे कलम तीन गोष्टी मागते. उमेदवार भारताचा नागरिक असला पाहिजे. त्याचे वय पस्तीस वर्षे पूर्ण झालेले असले पाहिजे. आणि लोकसभेवर निवडून येण्यास तो पात्र असला पाहिजे. याच कलमाच्या दुसऱ्या भागात एक मनाई आहे. केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा त्यांच्या नियंत्रणाखालील स्थानिक संस्था यांच्याकडील लाभाचे पद धारण करणाऱ्यास राष्ट्रपतीपदासाठी उभे राहता येत नाही. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना उभे राहायचे तर आधी राजीनामा द्यावा लागेल. स्वतः राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि मंत्री यांना मात्र या मनाईतून वगळले आहे. लोकसभेस पात्र असणे म्हणजे काय, हे अन्य कलमांत सांगितले आहे. दिवाळखोर ठरलेला, न्यायालयाने वेडसर ठरविलेला किंवा परक्या देशाशी निष्ठा वाहिलेला मनुष्य चालत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याने आणखी एक अट घातली आहे, ती म्हणजे मतदारयादीत नाव असण्याची.

झाले, यादी संपली. आता या यादीत काय नाही ते पाहा. धर्म नाही, जात नाही. पुरुष असावा की स्त्री, याचा उल्लेख नाही. मातृभाषा कोणती, हा प्रश्न नाही. जमीनजुमला किती, सारा किती भरतो, घर कौलारू की माडीचे, याची विचारपूस नाही. नागरिक जन्माने असावा असेही म्हटलेले नाही. अमेरिकेच्या घटनेत ती अट आहे. तेथेही वय पस्तीसच लागते, पण अध्यक्ष जन्मतः अमेरिकन असावा लागतो आणि त्याचे देशातले वास्तव्य चौदा वर्षांचे असावे लागते. आपल्याकडे रीतसर नागरिकत्व घेतलेल्यालाही मनाई नाही. आणि ज्या अंकात हा लेख छापला जात आहे त्याच्या दृष्टीने सर्वांत नवलाची बाब म्हणजे शिक्षणाची अट नाही. पदवी नको, मॅट्रिकचा दाखला नको, चौथीचाही नको.

हे विसरून राहून गेले काय? मुळीच नाही. घटना समितीत या तरतुदींची चर्चा डिसेंबर १९४८ मध्ये झाली. समितीत बॅरिस्टर, प्राध्यापक, नामांकित विद्वान यांची वाण नव्हती. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याएवढ्या पदव्या त्या सभागृहात क्वचितच कोणाजवळ असतील. अशा लोकांनी विचारपूर्वक ती जागा मोकळी सोडली. ती का सोडली हे समजण्यासाठी त्याआधीची स्थिती पाहावी लागते.

इंग्रजी अमदानीत मत देणे हाच मुळी सर्वांचा हक्क नव्हता. १९३५ च्या कायद्याप्रमाणे प्रांतिक विधिमंडळांसाठी जे मतदार ठरले ते लोकसंख्येच्या सातव्या भागाच्याही आत होते, सुमारे तीन ते साडेतीन कोटी. कोण किती सारा भरतो, कोणता कर भरतो, कोणती परीक्षा उत्तीर्ण आहे, यावर मत अवलंबून असे. शिवाय मतदारसंघ धर्मावर विभागलेले होते. मुसलमानाने मुसलमान उमेदवारासच मत द्यायचे, ही व्यवस्था १९०९ पासून चालत आली होती. आता शहापूर व मुरबाडचा विचार करा. खंडाने जमीन कसणारे कूळ, जंगलात लाकूडतोड करणारा ठाकूर, वीटभट्टीवर जाणारा कातकरी, बाजाराच्या दिवशी पालावर किरकोळ माल विकणारा आमचा मुसलमान दुकानदार, यांपैकी किती जण त्या चाळणीतून खाली उतरले असते? पुढे १९५१ ची जनगणना झाली तेव्हा देशातील साक्षरतेचे प्रमाण अवघे १८ टक्क्यांच्या थोडे वर होते आणि स्त्रियांत ते नऊ टक्क्यांनाही पोचत नव्हते. शिक्षणाची अट घातली असती तर शंभरातल्या एक्क्याण्णव स्त्रियांना देशाने पहिल्याच दिवशी दाराबाहेर उभे केले असते. आणि त्या निरक्षर राहिल्या होत्या तो दोष त्यांचा नव्हता. शाळाच नव्हती, होती तेथे पाठवणारे कोणी नव्हते. घटनाकारांनी एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला मत दिले आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदारांची संख्या सतरा कोटींवर गेली. मत देणाऱ्याला दाखला विचारायचा नाही, हे एकदा मान्य केल्यावर निवडून येणाऱ्याला तरी तो कोणत्या तोंडाने विचारायचा?

सर्वांना हे पटले होते असे मात्र समजू नका. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारण्यात आली, त्या दिवशीच्या समारोपाच्या भाषणात घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी दोन गोष्टींची खंत बोलून दाखविली. घटना मूळ भारतीय भाषेत लिहिता आली नाही ही त्यांतील एक. दुसरी अशी की, कायदा राबविणाऱ्यांकडून व त्यात मदत करणाऱ्यांकडून आपण मोठी पात्रता मागतो, पण कायदा करणाऱ्यांकडून निवडून येण्यापलीकडे काहीच मागत नाही, ही विसंगती आहे. विधिमंडळातल्या सभासदांसाठी काही पात्रता ठरवून देता आली असती तर त्यांना ते आवडले असते. दोनच महिन्यांनी, जानेवारी १९५० मध्ये, हेच राजेंद्रबाबू देशाचे पहिले राष्ट्रपती झाले. ते स्वतः कलकत्ता विद्यापीठाचे नामांकित विद्यार्थी होते. त्यांचा मुद्दा शिक्षकाला तरी चटकन पटण्यासारखा आहे, आणि म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. त्याकडे मी पुन्हा येतो. आधी धर्माच्या अटीकडे वळू, कारण आपल्या समाजाला त्या बाबतीत विशेष उत्सुकता असते.

धर्माची अट जगाच्या पाठीवर कोठे नाही, असे नाही. इंग्लंडच्या गादीवर रोमन कॅथलिक बसू शकत नाही, हा १७०१ चा कायदा आजही लागू आहे. लेबनॉनमध्ये १९४३ च्या समझोत्यापासून अध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया असा रिवाज चालत आला आहे. पाकिस्तानच्या १९५६ च्या घटनेने राष्ट्राध्यक्ष मुसलमानच असावा असे ठरविले. १९७३ च्या घटनेतही ती अट राहिली आणि वयाची मर्यादा पंचेचाळीस झाली. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, दिल्लीत निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या असताना आपली घटना समिती बसली होती. त्या वातावरणातही धर्माचा शब्द ५८ व्या कलमात आला नाही. कागदावरची ही तरतूद व्यवहारात कितपत उतरली, हे मात्र निवडणुकांवरूनच ठरवावे लागते.

१९६७ मध्ये डॉ. झाकिर हुसेन निवडून आले. त्यांच्याविरुद्ध उभे राहण्यासाठी देशाचे सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला होता. लाभाच्या पदाची मनाई किती वरपर्यंत लागू पडते, हे यावरून ध्यानात येईल. झाकिर हुसेनांना ४,७१,२४४ आणि सुब्बारावांना ३,६३,९७१ मते पडली. लढत अटीतटीची होती, पण झाकिर हुसेन हे केवळ मुसलमान म्हणून पुढे केलेले नाव नव्हते. बर्लिनहून पीएच. डी. घेऊन परतलेल्या या माणसाने १९२६ पासून बावीस वर्षे जामिया मिल्लिया ही संस्था अत्यल्प पगारावर चालविली. संस्था चालविणे म्हणजे काय असते हे आपल्या कार्यकारी मंडळींना सांगायला नको! महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलाविली आणि मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद झाकिर हुसेनांकडे आले. आपल्या आजोबांच्या पिढीने शाळेत टकळीवर सूत कातले, त्याचा उगम त्या वर्धा योजनेत आहे.

दुसरे नाव आहे न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला यांचे, आणि ते पुष्कळदा राष्ट्रपतींच्या यादीत छापायचे राहून जाते. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. केंब्रिजहून परतल्यावर नागपूरच्याच उच्च न्यायालयात त्यांनी वकिली केली, तेथेच ते न्यायाधीश झाले आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. परंतु गिरींना निवडणूक लढवायची होती, म्हणून त्यांनी २० जुलै रोजी राजीनामा दिला. आता राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही, अशी अवस्था. सुदैवाने त्याच वर्षी संसदेने कायदा करून ठेवला होता की, अशा वेळी सरन्यायाधीशाने काम पाहावे. त्याप्रमाणे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी २० जुलैपासून २४ ऑगस्टपर्यंत, पस्तीस दिवस, राष्ट्रपतीपद सांभाळले. त्याच काळात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले, त्यांचे यजमानपद नागपूरच्या या जुन्या वकिलाकडे होते. पुढे १९७९ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये पुन्हा काही दिवस राष्ट्रपतींचे काम त्यांनी पाहिले.

रामेश्वरमच्या नावाड्याच्या घरचे, लहानपणी वर्तमानपत्रे वाटलेले डॉ. अब्दुल कलाम २००२ मध्ये राष्ट्रपती झाले, हे तर प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. तेव्हा ते चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात शिकवीत होते.

आता राजेंद्रबाबूंच्या मुद्द्याकडे येऊ. पात्रतेत शिक्षण घातले असते तर पदावरची माणसे अधिक योग्य निघाली असती काय? दोन राष्ट्रपतींची उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. फक्रुद्दीन अली अहमद हे केंब्रिजचे पदवीधर आणि बॅरिस्टर. १९७४ ते १९७७ ते राष्ट्रपती होते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीचा जाहीरनामा त्यांच्यापुढे आला. त्यावर मंत्रिमंडळाची संमती नव्हती, फक्त पंतप्रधानांचे पत्र होते. त्यांनी सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. हे पुन्हा घडू नये म्हणून पुढे ४४ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला. दुसरे ग्यानी झैलसिंग, १९८२ ते १९८७. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेले, फरीदकोट संस्थानातल्या संधवान गावच्या सुतारकाम करणाऱ्या शीख घराण्यातले. ‘ग्यानी’ ही उपाधी धर्मग्रंथांच्या अध्ययनाची. दिल्लीच्या सुशिक्षित वर्तुळात त्यांच्या भाषेवर विनोद होत. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्याची दुरुस्ती संमत केली. तिच्यामुळे सरकारला नागरिकांची पत्रे अडविण्याचे व उघडण्याचे फार मोकळे अधिकार मिळणार होते. ग्यानीजींनी त्या विधेयकावर सही केली नाही, ते परतही पाठविले नाही. ते तसेच पडून राहिले आणि कधीच कायदा झाले नाही. तुमची माझी पत्रे न उघडता हाती आली, त्यात या अल्पशिक्षित राष्ट्रपतीचा वाटा आहे. एका उदाहरणावरून सिद्धांत होत नाही, हे मीच वर्गात सांगतो. फक्रुद्दीन साहेबांवर त्या रात्री किती दडपण होते याचाही विचार केला पाहिजे. पण पदवी आणि कणा या दोन निराळ्या वस्तू आहेत, एवढे तरी यावरून दिसते.

घटनेने दार उघडे ठेवले तरी उंबरठा मात्र कायद्याने हळूहळू उंच केला, हेही सांगितले पाहिजे. १९६७ च्या निवडणुकीत सतरा उमेदवार होते आणि त्यांतल्या नऊ जणांना एकही मत पडले नाही! हौसेखातर उभे राहणाऱ्यांना आवर घालण्यासाठी १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार रुपये अनामत अशी अट आली. १९९७ मध्ये ती पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि पंधरा हजार रुपये अशी झाली. हे शंभर जण साधे मतदार चालत नाहीत, ते निवडून आलेले खासदार किंवा आमदार असावे लागतात, कारण राष्ट्रपतीला तेच मत देतात. महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते. ते १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेले आहे. शहापूरच्या आमदाराचेही १७५ आणि मुरबाडच्याही आमदाराचे १७५. म्हणजे तुमच्या मताचा एक बारीक धागा राष्ट्रपतिभवनापर्यंत जातो, तो या वाटेने.

स्त्रियांना मनाई नव्हती, तरी पहिली स्त्री राष्ट्रपती व्हायला २००७ साल उजाडले. त्या प्रतिभाताई पाटील जळगाव जिल्ह्यातल्या. १९६२ मध्ये जळगावातून आमदार झालेल्या. त्यांच्या वेळी ‘राष्ट्रपती’ हा शब्द बाईला लावावा कसा, यावर वर्तमानपत्रांतून बराच खल झाला. घटनेला मात्र अडचण पडली नाही. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू निवडून आल्या. ओरिसातल्या मयूरभंजच्या संथाळ आदिवासी, पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेल्या, रायरंगपूरच्या शाळेत शिकविलेल्या, १९९७ मध्ये तेथील नगर पंचायतीत नगरसेविका झालेल्या. डोळखांब-किन्हवलीकडच्या आश्रमशाळांतून त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना करा.

आता आपल्या गावाकडे येऊ, कारण येथे एक विचित्र गोष्ट दिसते. देशाच्या सर्वोच्च पदाला जी अट नाही ती गावच्या सरपंचाला आहे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे दोनपेक्षा अधिक अपत्ये झाली तर निवडणुकीस अपात्र ठरविणारी तरतूद आली. २०१७ मध्ये थेट सरपंच निवडण्याची पद्धत आली तेव्हा १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असण्याची अट घातली गेली. हरियाणात अशाच अटी आल्या, तेव्हा प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली. २००३ मध्ये अपत्यांची आणि २०१५ मध्ये शिक्षणाची अट न्यायालयाने वैध ठरविली. कायद्याच्या दृष्टीने विषय मिटला. पण विचाराच्या दृष्टीने मिटला असे मला वाटत नाही. मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या गावची मुलगी घ्या. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी तिला सहावीतून काढली. ती मोठी झाली, चार बायकांना धरून बचतगट चालविते, पंचायतीत भांडून पाण्याचा नळ आणते. तिला स्वतःच्या गावची सरपंच होता येत नाही. पस्तिशी ओलांडल्यावर भारताची राष्ट्रपती मात्र होता येते! शिक्षक म्हणून सातवीच्या अटीचे मी स्वागत करावे अशी अपेक्षा असेल. ते मला जमत नाही. तिला शाळेतून काढणाऱ्याला या कायद्याने काही दंड केला नाही. शिक्षा झाली ती काढली गेली तिला. मात्र पालकहो, कायदा बदलेपर्यंत तो असाच लागू राहणार, आणि मुलीला सहावीतून घरी बसविताना आपण तिच्या हातून काय काय काढून घेतो त्यात आता हेही एक आहे.

शहापूरची गोष्ट आणखी वेगळी. २ डिसेंबर १९८५ च्या आदेशाने शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्र म्हणून घोषित झाली. हा आदेश काढण्याचा अधिकार घटनेने राष्ट्रपतींनाच दिलेला आहे, आणि त्या वेळी राष्ट्रपती होते वर सांगितलेले ग्यानी झैलसिंगच. १९९६ च्या पेसा कायद्यानंतर अशा क्षेत्रातील सरपंचपद अनुसूचित जमातींसाठी राखीव झाले. त्यामुळे तेथील आपल्या समाजातले काही लोक कुरकुरतात, “राष्ट्रपती होता येते, सरपंच होता येत नाही.” तक्रार ऐकायला बिनतोड वाटते. पण ज्यांच्या जमिनी व जंगले तीन पिढ्यांत हातची गेली, त्यांच्या गावचा कारभार त्यांच्याकडे असावा यात गैर काय? पंचायतीचे सभासद म्हणून आपल्याला कोणी अडविलेले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यादीतल्या अटींपैकी बहुतेक वेळ जाईल तशा आपोआप पुऱ्या होतात. नागरिकत्व जन्माने मिळालेले आहे, वय वाढतेच आहे. स्वतः उठून करावी लागते अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मतदारयादीत नाव. राष्ट्रपतीपदाच्या उमेदवारी अर्जाबरोबर या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते; तिच्याशिवाय अर्ज बाद. अठरा वर्षे पूर्ण झाली की सहा नंबरचा नमुना भरायचा. पूर्वी त्यासाठी फक्त १ जानेवारी ही तारीख धरीत. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. वयाचा आणि राहण्याचा पुरावा व एक फोटो लागतो. नमुना तहसील कचेरीत मिळतो, गावच्या मतदान केंद्रावरील अधिकाऱ्याकडेही मिळतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.